पांढरं दिसलं म्हणून मारलं: गच्चीवरच्या जास्वंदीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातली एक जुनी सोसायटी, आणि तिच्या गच्चीवर एका निवृत्त शिक्षिकेने वाढवलेली बाग. नाव-पत्ता देत नाही. सोसायटीत सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही तेच लिहिते. गच्चीबाग करणाऱ्यांना माती भरण्यापासून कीड ओळखण्यापर्यंत हाताला हात लावायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ही हकिगत दोन उन्हाळ्यांपूर्वीची आहे. काकूंनी ती लिहायला आनंदाने परवानगी दिली.

बागेत चाळीसेक कुंड्या होत्या. मिरची, वांगी, टोमॅटो, एक कढीपत्ता, एक कागदी लिंबू आणि 9 जास्वंदी. त्यातली लाल एकेरी जास्वंद काकूंच्या सासूबाईंनी माहेरच्या अंगणातून आणलेल्या फांदीची. रोज सकाळी गणपतीला फूल जायचं ते याच झाडाचं. त्यामुळे पुढे जे काही झालं त्यात या एका झाडाचा जीव सगळ्यांत मोठा होता.

काकूंचा एक नियम होता: दुकानातलं औषध बागेत आणायचं नाही. नातवंडं झाडावरचा टोमॅटो तोडून तसाच तोंडात टाकतात, हे त्याचं कारण. कारण अगदी रास्त होतं. पण या नियमाच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली होती, की स्वयंपाकघरातलं जे काही आहे ते झाडावर मारलं तर अपाय होतच नाही. सगळं प्रकरण या समजुतीपाशी अडलं.

अडचण

फेब्रुवारीच्या मध्यावर जास्वंदीचे शेंडे वळायला लागले. पानं बारीक, दाटीवाटीने एकमेकांत गुंतलेली. कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या. शेंड्याच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी. खालच्या पानांवर चिकट थर आणि त्या थरावर काजळीसारखी बुरशी. खोडावरून मुंग्यांची रांग अखंड वरखाली.

हा पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर येणारी जात बहुधा गुलाबी असते. वरची पांढरी भुकटी बाजूला करून एखादी चिरडली तर बोटाला गुलाबी रस लागतो. ती रस शोषते तेव्हा तिच्या लाळेने शेंडा आखडतो, म्हणून पानं अशी गुच्छासारखी होतात. मादी कापसासारख्या पिशवीत काहीशे अंडी घालते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात तिची वाढ झपाट्याने होते. शिवाय काकू दर आठवड्याला भुईमुगाच्या पेंडीचं पाणी घालत होत्या. त्यामुळे कोवळी, रसाळ फूट भरपूर होती आणि रस शोषणाऱ्या किडीला ती हवीच असते.

पहिले तीन आठवडे

मला बोलवायच्या आधी दोन फवारण्या होऊन गेल्या होत्या.

पहिलं मिश्रण असं: 1 लिटर पाणी, भांडी घासायचं द्रव दोन मोठे चमचे, कडुनिंबाचं तेल अंदाजाने, आणि लसूण-हिरवी मिरची वाटून गाळलेला रस. ‘तिन्हीही चांगलं, मग एकत्र का नको’ असा विचार. दुपारी 12च्या सुमारास फवारलं, कारण तेव्हा घरातली कामं आवरलेली असतात.

तिसऱ्या दिवशी मिरचीची पानं कडेने करपली, दोन जास्वंदींच्या कळ्या झडल्या. गंमत अशी की, सगळी झाडं सारखी करपली नव्हती. काकूंनी कुठून सुरुवात केली, कुठे संपवलं, हे मी नंतर विचारलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. जिन्याच्या दारापासून सुरुवात केलेल्या कुंड्यांना काहीच झालं नव्हतं; टाकीजवळच्या, म्हणजे शेवटच्या कुंड्या भाजल्या होत्या. तेल पाण्यात मिसळलेलंच नव्हतं. ते वर तरंगत राहिलं. फवारणीच्या बाटलीतली नळी तळापर्यंत जाते, म्हणून आधी साबणाचं पाणी आलं आणि सरतेशेवटी बाटलीत उरलेलं जवळजवळ निव्वळ तेल शेवटच्या झाडांवर गेलं. त्यावर दुपारचं ऊन.

त्यात पाण्याची भर. सोसायटीत त्या वेळी टँकर चालू होता आणि टँकरचं पाणी बोअरचं, जड. जड पाण्यातले क्षार साबणाशी बांधले जातात, पांढरी साय तरंगते आणि किडीवर काम करायला साबण उरतच नाही. भांड्याच्या द्रवाला हे कमी बाधतं, पण ते मुळात तेलकट भांड्यांसाठी बनवलेलं. पानावरचा मेणाचा नैसर्गिक थरही ते सोडवतं. म्हणजे कीड शाबूत आणि पान उघडं.

दुसरी फवारणी तंबाखूच्या काढ्याची. कोणीतरी आपुलकीनेच सुचवली होती. काकूंनी तंबाखू पातेल्यात उकळला, तोही खिडक्या बंद असलेल्या स्वयंपाकघरात, आणि हातमोजे न घालता गाळला. संध्याकाळी त्यांना मळमळ, घाम, चक्कर. काकांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रात्रभरात बरं वाटलं, पण घर घाबरून गेलं.

याबद्दल मला तळमळीने सांगावंसं वाटतं. निकोटिन कातडीतून शरीरात जातं. ते झाडातून आलं म्हणून सौम्य होत नाही. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक वापरायला भारतात बंदी आहे, आणि आपण त्याचाच ओबडधोबड भाऊ गॅसवर शिजवतो, ज्यात किती निकोटिन उतरलं हे कोणालाच मोजता येत नाही. शिवाय तंबाखूच्या वाळक्या पानात मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा विषाणू टिकून राहतो आणि टोमॅटो-मिरची ही तंबाखूच्याच कुळातली. तंबाखू हाताळलेल्या हातांनी भाजीच्या झाडांना हात लावणं म्हणजे कीड मारायच्या नादात रोग घरी आणणं. काकूंनी तो कढीपत्त्यावरही मारला होता.

मी गेले त्या दिवशी

मार्चचा दुसरा आठवडा. काकू म्हणाल्या, “अगं, दोन्ही औषधं मारली तरी वाढतंच आहे. आता तर किडे मोठे झालेत, चालायलाही लागलेत.”

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

मी कात्री घेऊन सर्वांत वाईट झालेला शेंडा कापला, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून तोंड बांधलं. दुसरा शेंडाही पिशवीत गेला. तिसरा कापण्याआधी सवयीने भिंग काढलं. 10 पटीचं छोटं भिंग माझ्या पर्समध्ये असतं. अंड्यांच्या पिशवीशेजारी एक मोठा पांढरा जीव होता, जवळपास सेंटिमीटरभर. अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या. तो बसून नव्हता. पिशवीत डोकं खुपसून अंडी खात होता.

ती क्रिप्टोलेमसची अळी होती. क्रिप्टोलेमस हा ढालकिडा मुख्यतः पिठ्या ढेकणावर जगतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरच्या खवले किडीसाठी 1898 साली तो भारतात आणला गेला. आपल्याकडे द्राक्षबागेत पिठ्या ढेकूण वाढला की हाच किडा सोडायची शिफारस असते. प्रौढ किडा छोटा, काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी, त्यामुळे ओळखायला सोपा. पण त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. मुंग्या ज्याला राखतात त्याच्याच वेशात ती त्यांच्यात वावरते. माणूसही फसतो.

काकूंना जे ‘मोठे झालेले, चालायला लागलेले’ किडे दिसले होते ते हेच. आणि दोन्ही फवारण्यांत त्यांनी नेमकं यांनाच हेरून भिजवलं होतं, कारण ते जास्त ठळक दिसत होते.

पिशवी उघडली. एका पांढऱ्या कागदावर शेंडे झटकले. पिठ्या ढेकूण पडला तिथेच राहिला, फारतर पाय हलवले. तीन अळ्या मात्र कागदावरून धावत सुटल्या. काकांनी देवघरातल्या रंगाच्या पेटीतला बारीक कुंचला आणून दिला आणि त्या तिन्ही अळ्या आम्ही त्याने उचलून परत झाडावर ठेवल्या. काकू चष्मा वर करून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी यांना मारत होते?”

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नर्सरीवाल्याने सुचवलेला होता: मातीत ओतायचं, झाडात मुरणारं कीटकनाशक. ते काम करतं, यात शंका नाही. पण असं औषध रसातून मधापर्यंत पोचतं, आणि या जास्वंदींवर रोज शिंजीर आणि मधमाश्या येत होत्या. शेजारच्याच कुंड्यांत खायची भाजी. काकूंना ते नको होतं, मलाही नको होतं. तो प्रश्न लगेच मिटला.

दुसरा पर्याय, व्हर्टिसिलियम ही किडीला रोग आणणारी बुरशी. ती दमट हवेत चांगली लागते. पुण्याच्या मार्चमध्ये दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा पैसे वाया गेले असते.

खरी ओढाताण तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायात झाली. घरगुती फवारणी यावेळी नीट प्रमाणात, सगळ्या झाडांवर करायची, की हात आवरून अळ्यांना काम करू द्यायचं?

नीट फवारणीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. साबणाचं पाणी मऊ अंगाच्या किडीला थेट लागलं तर मारतं, आणि वाळलं की संपतं. भाजीवर काही मागे ठेवत नाही. निंबोळी अर्क किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतो. पण साबण मित्र-शत्रू ओळखत नाही. क्रिप्टोलेमसची अळी मऊच असते. आणि पिठ्या ढेकणाची अंडी मेणाच्या पिशवीत सुखरूप असतात. म्हणजे फवारणीनंतर आठवड्याभरात नवी पिल्लं बाहेर येणार आणि त्यांना खाणारं कोणी उरणार नाही. आधीच्या तीन आठवड्यांत नेमकं हेच घडलं होतं.

थांबण्यात धोका होता तो सासूबाईंच्या जास्वंदीचा. ते झाड आणखी महिनाभर ताण सोसेल का, हे खात्रीने सांगता येत नव्हतं. काकूंना मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्या झाडाला वेगळं बघू. बाकीच्यांना थांबू.” हा निर्णय त्यांचा, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय.

काय केलं

सगळ्यांत आधी मुंग्या. मुंग्यांना किडीने सोडलेला गोड चिकट स्राव हवा असतो, म्हणून त्या मित्रकीटकांना हुसकावतात. कुंडीखाली पाण्याच्या ताटल्या ठेवाव्यात असं सगळीकडे सुचवतात. पण साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि डेंगीचं भय शहरात कायम असतं, म्हणून ते टाळलं. त्याऐवजी खोडावर कागदी टेप गुंडाळून टेपवर ग्रीसचा पट्टा लावला. थेट सालीवर ग्रीस लावायचं नाही. भिंतीला, दोरीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, नाहीतर मुंग्या तो पूल वापरतात. दोन दिवसांत रांगा थांबल्या.

पेंडीचं पाणी दीड महिना बंद.

ज्या 5 जास्वंदींवर अळ्या दिसल्या त्यांना लाल दोरा बांधला. लाल दोरा म्हणजे या झाडावर काहीही फवारायचं नाही, साधं पाणीसुद्धा जोराने मारायचं नाही. घरी येणारी मदतनीस, काका, नातू, सगळ्यांना ते सांगून ठेवलं.

उरलेल्या 4 झाडांवर, ज्यात सासूबाईंची जास्वंद होती, आधी भिंगाने अळ्या शोधल्या, सापडल्या त्या कुंचल्याने लाल दोऱ्याच्या झाडांवर हलवल्या. मग पाइपच्या धारेने पानांची मागची बाजू धुतली. निम्म्याहून जास्त कीड पाण्यानेच गेली. बेचक्यातल्या गाठोड्यांना कापसाच्या बोळ्याने सर्जिकल स्पिरिट टिपलं, तेही आधी एका फांदीवर करून दोन दिवस वाट पाहिल्यावर. त्यानंतर फवारणी.

फवारणीचं प्रमाण असं ठेवलं. 1 लिटर पाणी, तेही पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधलं. बागेसाठी मिळणारा पोटॅशियमचा पातळ साबण 5 मिली. कडुनिंबाचं तेल 5 मिली. तेल आणि साबण आधी वाटीत एकजीव करायचे, दुधासारखे झाले की थोडं थोडं पाणी घालायचं. वर तेलाचे डोळे दिसले तर ते फवारायचं नाही, पुन्हा घोटायचं. मारताना मधेमधे बाटली हलवायची. वेळ सूर्य कलल्यानंतरची, कारण कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, उन्हात लवकर विरतं; शिवाय संध्याकाळी पानही भाजत नाही. पानांच्या मागच्या बाजूने, थेंब ओघळेपर्यंत. दर 8 दिवसांनी, असं तीनदा, म्हणजे अंड्यातून निघणारी प्रत्येक पिढी मेणाचं कवच तयार व्हायच्या आत सापडते. मिश्रण उरलं तर ठेवायचं नाही.

लसूण-मिरचीला रजा दिली. वाईट आहे म्हणून नाही. पण एकाच वेळी चार गोष्टी मारल्या की कशाने फरक पडला आणि कशाने पान जळलं, दोन्ही कळत नाही.

तंबाखूचा काढा पडलेली कढीपत्त्याची सगळी पानं खुडून टाकली, नवी फूट येईपर्यंत त्या झाडाचं पान फोडणीत घातलं नाही. वांग्याची आणि मिरचीची धरलेली फळंही काढून फेकली. काकूंना ते जड गेलं.

निकाल

पहिला आठवडा वाईट गेला. लाल दोऱ्याच्या झाडांवर पांढरं कमी व्हायच्या ऐवजी जास्त दिसत होतं, कारण अळ्या वाढत होत्या. काकूंचे रोज फोटो यायचे. एकदा बाटली हातात घेऊन गच्चीपर्यंत गेल्या आणि दोरा बघून परत आल्या, असं त्यांनीच सांगितलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फरक दिसायला लागला. कापसाची गाठोडी होती, पण चिमट्याने उघडली तर आत रिकामी. एप्रिल संपताना काळे-नारिंगी प्रौढ किडे पानांवर फिरताना दिसले, आणि 5 पैकी 4 झाडांनी सरळ शेंडे काढले. पाचवं झाड, दुहेरी गुलाबी, गेलं. कुंडी उलटी केली तेव्हा मुळांवरही पांढरी भुकटी होती, म्हणजे किडीचा एक अड्डा मातीत होता आणि तो मी तपासलाच नव्हता.

फवारलेल्या 4 झाडांत कीड लवकर कमी झाली, तिसऱ्या फवारणीपर्यंत जवळपास नाहीशी. पण मेच्या सुरुवातीला ती त्यातल्या दोन झाडांवर परत आली. लाल दोऱ्याच्या झाडांवर आली नाही. तेव्हा आम्ही पुन्हा न फवारता प्रौढ किडे असलेली एक फांदी त्या दोन कुंड्यांना टेकवून बांधली.

सासूबाईंच्या जास्वंदीचं पहिलं पूर्ण उमललेलं फूल मेच्या तिसऱ्या आठवड्यात आलं.

वांग्यावरची पांढरी माशी मात्र आटोक्यात आली नाही. साबण, तेल, पिवळे चिकट सापळे, सगळं केलं. शेवटी झाड उपटलं.

पुन्हा करायचं झालं तर

मी पहिला शेंडा भिंगाशिवाय कापणार नाही. काकूंनी ‘चालायला लागलेत’ असं म्हटलं होतं, आणि पिठ्या ढेकूण तसा चालत नाही हे मला माहीत होतं. घरच्या माणसाचं निरीक्षण अनेकदा अचूक असतं, फक्त त्याचा अर्थ त्याला लावता येत नाही. आता मी पहिल्या भेटीत कात्री बाहेर काढण्याआधी कागद काढते: फांदी झटकायची, दोन मिनिटं बघायचं, कोण बसतं आणि कोण पळतं.

मुळं पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. एक कुंडी हलक्या हाताने उलटी करायला पाच मिनिटं लागतात. ती दुहेरी गुलाबी कदाचित वाचली असती.

फवारणी आणि लाल दोरा यांची विभागणी मी पुन्हाही करेन, पण फवारलेल्या झाडांवर तिसरी फवारणी करणार नाही. दुसरीनंतर कीड इतकी कमी होती की उरलेली मित्रकिड्यांसाठी ठेवायला हवी होती. खायला काहीच उरलं नाही तर ते तिथे येणार कशाला?

आणि भेटीच्या सुरुवातीलाच विचारेन की आतापर्यंत घरी काय काय बनवून मारलंत. काढ्याची गोष्ट मला तासाभराने कळली, तीही काकांकडून. काकूंना ते बोलायला संकोच वाटत होता. तोपर्यंत मी त्या कढीपत्त्याची दोन पानं चुरगाळून वास घेतला होता.

जूनअखेर मी गेले तेव्हा सोसायटीच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा होता. काकू आणि नातू त्या गोळा करत होते. गर धुऊन काढलेल्या बिया घरात पंख्याखाली, सावलीत, वर्तमानपत्रावर पसरल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यासाठी 5 टक्क्यांचा अर्क, म्हणजे लिटरला 50 ग्रॅम भरड, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून. काकूंनी प्रमाण वहीत लिहून ठेवलं होतं आणि त्याच पानावर, वरच्या ओळीत: ‘आधी भिंग.’